टपली मारून लागणारा टॉर्च

बंद पडला म्हणून बाजूला टाकलेल्या स्वस्तातल्या टॉर्चपैकी बहुतेकांचा जीव शाबूत असतो. आतला एलईडी ठणठणीत, मागचं सर्किट ठणठणीत, नळी तर ॲल्युमिनियमची, तिला काय धाड भरणार! अडलेलं असतं ते दोन धातू एकमेकांना टेकतात त्या जागी. एखादा पातळ थर, एखादी सैल रिंग, एखादी दमलेली स्प्रिंग. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण असे टॉर्च उघडून चालू करणं हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग आहे, आणि त्याआधीची नोकरी होती भोसरीतल्या एका कारखान्यात सोल्डरच्या जोडण्या भिंगाखाली तपासण्याची. जोडणी कुठे कच्ची राहते ते शोधायची सवय डोळ्यांना तिथे लागली, ती नोकरी सुटली तरी सुटली नाही.

कुठले टॉर्च म्हणते आहे तेही सांगते. मुठीत मावणारे, काळे किंवा राखाडी, पकड घसरू नये म्हणून अंगावर बारीक चौकड्यांचं नर्लिंग, मागच्या टोकाला, म्हणजे शेपटात, रबरी टोपीखाली खटका. एका पेन्सिल सेलवर, रिमोटच्या तीन सेलच्या पिंजऱ्यावर, नाहीतर रिचार्ज होणाऱ्या एका जाड लिथियम सेलवर चालणारे. पुढचं तोंड सरकवलं की झोत रुंद-अरुंद होतो. खोक्यावर ‘टॅक्टिकल’, ‘पोलीस’, ‘मिलिटरी’ असं काहीतरी ठळक छापलेलं. पुण्यात लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन तर ढिगाने मिळतात, शंभरापासून तीनशे रुपयांपर्यंत.

हा बांधा अमेरिकेतून आला. १९८० च्या दशकात तिथल्या शुअरफायर कंपनीने पोलिसांच्या कामासाठी छोटे, ॲल्युमिनियमचे, मागे खटका असलेले टॉर्च काढले. त्यातलं सिक्स-पी हे मॉडेल गाजलं. दोन लिथियम सेल, तारेचा दिवा, साधारण ६५ लुमेन उजेड, तोही तासाभरापुरता. आज वाचताना हे आकडे किरकोळ वाटतात, पण त्या वेळी एवढ्याशा वस्तूतून एवढा उजेड हे नवल होतं. दुसऱ्या हातात काही असताना, अंगठा मागच्या टोकावर ठेवून क्षणभर उजेड पाडायचा आणि विझवायचा, ही त्यातली मूळ कल्पना. स्वस्त टॉर्चनी बांधा उचलला. पुढे सिपिक कंपनीच्या एसके-६८ या एका सेलवर चालणाऱ्या, सरकत्या भिंगाच्या टॉर्चच्या इतक्या नकला झाल्या की आता बाजारात मूळ कोणता आणि नक्कल कोणती हे बाहेरून बघून सांगणं अवघड आहे.

नक्कल असली तरी आतली वस्तू थोर आहे. टॉर्च बंद असताना भिंगातून आत बघा, मधोमध एक पिवळा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याखालची चिप प्रत्यक्षात निळी उजळते. वरचा पिवळा फॉस्फर त्या निळ्यातला काही भाग शोषून पिवळा करून सोडतो आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. लाल आणि हिरवे एलईडी १९६०-७० च्या काळातच आले होते. निळ्याने मात्र तीस वर्षं दाद दिली नाही. तो वश केल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फुटपाथवर दीडशे रुपयांना मिळणाऱ्या वस्तूत ते सगळं काम बसलेलं आहे. आणि ती वस्तू आपण शेपटातली एक रिंग सैल झाली म्हणून कचऱ्यात टाकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक करामत त्यात असते. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, पांढऱ्या एलईडीला लागतात तीनच्या आसपास. मग एकाच सेलवर तो पेटतो कसा? आतल्या गोल सर्किटवर तारेची एक इवलीशी गुंडाळी असते. तिच्यातून वीज वाहू द्यायची आणि एकदम तोडायची. तोडली की गुंडाळी उसळी मारून जास्त व्होल्ट फेकते. हे सेकंदाला लाखो वेळा चालतं. सेल जवळजवळ संपत आला, एक व्होल्टपर्यंत उतरला, तरी असा टॉर्च मंद का होईना लागतो, तो या गुंडाळीच्या जिवावर. घड्याळातून काढलेला जुना सेल यात घालून बघा, रात्री पाण्याला उठण्यापुरता उजेड नक्की मिळतो.

आता दुरुस्तीकडे. विजेचा रस्ता कळला की निम्मं काम झालं. सेलच्या पुढच्या टोकातून ती निघते, तोंडातल्या गोल सर्किटवर जाते, तिथून एलईडीत, एलईडीतून परत सर्किटच्या कडेला. सर्किट ज्या पितळी वाटीत बसवलेलं असतं त्या वाटीतून नळीच्या अंगात उतरते. मागे यायला वेगळी तार नाही, नळी हीच तार. नळीच्या मागच्या काठावरून शेपटात, शेपटातल्या रिंगेतून खटक्यात, खटक्यातून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून सेलच्या बुडाला. या वाटेवर धातूला धातू नुसता टेकलेला असतो अशा पाच-सहा जागा आहेत. सोल्डर केलेल्या जागा सहसा दगा देत नाहीत. दगा देतात त्या टेकलेल्या.

नळीचा काळा रंग हा खरं तर रंग नव्हेच. तो ॲनोडायझिंगचा थर, आणि त्यातून वीज जात नाही. म्हणून नळीच्या मागच्या काठावर उघड्या धातूची एक गोल कडा सोडलेली असते. सगळी वीज त्या अरुंद कडेवरून जाते. उघडं ॲल्युमिनियम हवेत राहिलं की त्यावर ऑक्साइड धरतं. डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर, पण विजेला आडवा येतो. त्यात आट्यांची झीज, हाताचा घाम, पावसाची ओल, खिशातली धूळ. हळूहळू टॉर्च लुकलुकायला लागतो, मग मंद होतो, आणि एक दिवस टपली मारल्याशिवाय लागत नाही.

टपली हे सगळ्यात मोठं निदान आहे. आपटल्यावर जो टॉर्च लागतो त्याचा एलईडी आणि सर्किट चांगलं आहे, हे त्याने स्वतःच सांगितलेलं असतं. आमच्या सोसायटीचे रखवालदार काका रात्रीच्या फेरीला निघताना टॉर्च आधी मांडीवर आपटायचे. एकदा मी म्हटलं, “काका, द्या इकडे, बघते जरा.”

“राहू द्या ताई, लागतोय की. त्याची सवयच आहे ती.”

“आणि मागच्या भिंतीपाशी पोचल्यावर नाही लागला तर?”

“मग परत आपटायचा,” ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी तो माझ्या हातात दिला.

अशा वेळी मी पहिली परीक्षा करते ती शेपूट काढून. शेपूट फिरवून बाजूला ठेवायचं, सेल आतच राहू द्यायचा, आणि वाकवलेल्या तारेचं एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं नळीच्या उघड्या कडेला टेकवायचं. टॉर्च झगझगीत लागला तर दोष शेपटात. नाही लागला तर दोष पुढे, किंवा सेलच संपलेला. घरात मल्टिमीटर नसला तरी अर्ध्या मिनिटात एवढं कळतं. काकांचा टॉर्च लख्ख लागला. शेपटात बघितलं तर खटका जागेवर धरून ठेवणारी रिंग सैल झालेली. तिला समोरासमोर दोन बारीक भोकं असतात, नोकदार चिमट्याची दोन टोकं त्यात घालून घट्ट फिरवायची. चिमटा नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतला डिव्हायडर चालतो. ही रिंग सैल होते कारण खटका दिवसातून कितीतरी वेळा दाबला जातो आणि प्रत्येक दाबाचा हादरा तिलाच बसतो. माझ्याकडे आलेल्या टॉर्चमध्ये याच एका कारणाने बंद पडलेले सगळ्यात जास्त.

मग सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून आटे पुसायचे. काळा चिकट लगदा निघतो, तो घासल्या गेलेल्या ॲल्युमिनियमचा आणि जुन्या ग्रीसचा. काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं. उघड्या कडेवर पेन्सिलीचं खोडरबर दोन-चार वेळा फिरवायचं, सेल जिथे टेकतो त्या स्प्रिंगच्या टोकावरही. सँडपेपरचा मोह टाळावा, तो ओरखडे पाडतो आणि ओरखड्यांत मळ बसतो. शेवटी आट्यांना आणि रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट, अगदी पुसट. खोबरेल तेल कोणी सुचवलं तर ऐकू नका. पुण्याच्या डिसेंबरात ते थिजतं, आणि एरवी धूळ धरून बसतं. रबरी रिंग फाटली असेल तर मापाची नवी घालायची, कारण पावसाळ्यात पाणी आत शिरतं ते तिथूनच.

स्प्रिंगबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिकडे कोणी बघत नाही. स्वस्त टॉर्चमधली स्प्रिंग पोलादी आणि बारीक असते. तिचा रोध समजा एक दशांश ओहम. दीड अँपिअर वीज जाताना तिथे ०.१५ व्होल्ट खर्च होतात, त्याची नुसती उष्णता होते. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर एलईडीला तीनच्या वर हवे असताना हा खर्च उजेडातून वजा होतो. शिवाय तापून तापून स्प्रिंगचा ताण जातो आणि ती बसते. उपाय सोपा आहे. मऊ तांब्याची, बारीक पदरांची तार स्प्रिंगच्या बुडापासून टोकापर्यंत आतून सोल्डर करायची. तार एवढी सैल ठेवायची की स्प्रिंग दाबली तरी ताणणार नाही. वीज तारेतून जाते, स्प्रिंगकडे फक्त सेल ढकलायचं काम उरतं. अशी सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार बुधवार पेठेत तापकीर गल्लीत फुटावर मिळते. त्या गल्लीत मला नेहमी बरं वाटतं. हातभर दुकानात मागे रचलेल्या शेकडो डब्यांतून दुकानदार मागितलेला खटका न बघता काढून देतो, आणि “कशाला हवाय?” असं विचारून, ऐकून, त्याहून बरा दुसरा सुचवतो.

सेल फुटून गळलेला टॉर्च आला की माझा हात जरा सावध होतो. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पांढरा, मिठासारखा थर बनतो. हा अल्क आहे आणि ॲल्युमिनियम खातो. त्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाचे थेंब टाकायचे, फसफसणं थांबेपर्यंत. मग पाण्याने पुसून, अल्कोहोलने पुसून, उघडा करून पंख्याखाली रात्रभर. साध्या स्वस्त सेलमधली गळती उलट आम्लाकडे झुकणारी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. सेल फुगून नळीत अडकला असेल तर नळीत व्हिनेगर ओतून काही तास ठेवायचं आणि लाकडी दांडीने पुढून मागे हळू ठोकायचं. ड्रिल कधीही घालू नये. हे काम चष्मा आणि हातमोजे घालून करावं, आणि ते स्वयंपाकघरात करू नये.

गळती टाळायचा खरा मार्ग म्हणजे वर्षभर ड्रॉवरमध्ये पडणाऱ्या टॉर्चमधला सेल काढून शेजारी ठेवणं. रोज वापरायच्या टॉर्चला रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे पेन्सिल सेल उत्तम. १.२ व्होल्टचे असले तरी गुंडाळीवाल्या सर्किटला ते पुरतात, शेकडो वेळा भरता येतात, आणि सहसा गळत नाहीत. काकांना मी असे दोन सेल आणि चार्जर दिला. एक टॉर्चमध्ये, एक वॉचमन केबिनच्या प्लगवर.

लिथियमच्या सेलबाबत मात्र मी कडक आहे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. नावाजलेल्या कंपनीच्या चांगल्या सेलची साठवण साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. त्यामुळे बाजारात ९९०० छापलेला दिसला तर तो खोटा, यात चर्चेला जागा नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, खोटा बरेचदा तिशीत घुटमळतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल मीही वापरते, पण मोजून, भरून, काही दिवस ठेवून पुन्हा मोजून. अडीच व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडलेला सेल मी जिवंत करत नाही. आतलं तांबं विरघळून नंतर भलत्या जागी जमतं आणि भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असे सेल टर्मिनलला चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात देते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत ती पोचायला आपल्यालाही थोडं चालावं लागतं.

खोक्यावरच्या आकड्यांचंही तेच. ‘क्यू५’ म्हणून मिरवलं जातं ते काही मॉडेलचं नाव नव्हे. क्री कंपनीच्या एक्सआर-ई या एलईडीत ३५० मिलिअँपिअरवर किमान १०७ लुमेन देणाऱ्या गटाला ते नाव होतं. ‘टी६’ तसंच, एक्सएम-एल या पुढच्या एलईडीतला एक गट. आता ही अक्षरं कोणत्याही खोक्यावर येतात. आणि झोताचं अंतर म्हणाल, तर टॉर्चसाठी २००९ सालापासून जे अमेरिकन प्रमाण आहे त्यात पाव लक्स उजेड जिथपर्यंत पोचतो ते अंतर धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेव्हा ‘दोनशे मीटर’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असलं, तरी दोनशे मीटरवर टिपूर चांदणं पडेल एवढाच त्याचा अर्थ.

चांदण्याएवढ्या उजेडात माणूस चालू शकतो, हे मात्र वेताळ टेकडीवर अंधार पडल्यावर उतरताना कळतं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोताने ती कमाई पुसली जाते. म्हणून चालताना मी उजेडाची सगळ्यात मंद पायरी वापरते, भिंग मागे घेऊन झोत रुंद करते. भिंग पुढे सरकवलं की भिंतीवर चौकोनी ठसा उमटतो, ती चक्क आतल्या चिपची प्रतिमा असते. दूरचं काही बघायला ती ठीक, पण पायांना ती फसवते, कारण ठशाच्या बाहेर मिट्ट काळोख आणि बराचसा उजेड तोंडाच्या आतल्या भिंतींवर वाया गेलेला. कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक करणारी नवी पोरं पूर्ण उजेडावर सुरुवात करतात आणि निम्म्या टेकड्या बाकी असताना सेल बसतात. मंद पायरीवर तोच सेल पहाटेपर्यंत जातो.

टॉर्च धरायचा कुठे, यानेही फार फरक पडतो. डोक्याजवळून टाकलेला उजेड आपल्या नजरेच्याच दिशेने जातो, त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागे लपते आणि वाट सपाट दिसते. कमरेच्या खाली, मांडीजवळ धरला की प्रत्येक खड्याला सावली येते. धुक्यातही तसंच. पावसाळ्यात सिंहगडावर ढग उतरलेले असताना कपाळाजवळचा झोत समोर पांढरी भिंत उभी करतो, खाली धरलेला निदान वाट दाखवतो. उलट, गवतातलं जिवंत काही बघायचं तर टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरायचा. उजेड अशा जिवांच्या डोळ्यांवरून नेमका आला त्या दिशेने परततो. लांडगा कोळ्यांचे डोळे हिरव्या-निळ्या ठिणग्यांसारखे चमकतात, एकेका उतारावर कितीतरी. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळा लाल दिसतो. तो दिसला की झोत लगेच बाजूला घ्यावा, त्याची रात्र ही त्याची कामाची वेळ असते.

कोणी म्हणेल, मोबाईलचा दिवा आहे की! जिन्यात वीज गेल्यावर किल्ली लावायला तो पुरतो, हे खरं. पण तो पाच-सहा पावलांपलीकडे पोचत नाही, पावसात बाहेर काढवत नाही, आणि ज्या प्रसंगी उजेड हवा असतो त्याच प्रसंगी फोन करायलाही चार्जिंग लागतं.

माझा मामेभाऊ जुन्नर तालुक्यात ऊस करतो. शेतीपंपांची वीज तिकडे आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, काही ठिकाणी ती पोचलीही, त्याच्या शिवारात अजून रात्रपाळी आहे. मध्यरात्री मोटार चालू करायची आणि सरीसरीने दारं धरत, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवत, पहाट करायची. हातात फावडं, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. बिबट्या उसातच वाढतो, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्याच तालुक्यात आहे, आणि माणसांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या तिथे नव्या नाहीत. पण त्याला विचारलं तर तो आधी सापाचं नाव घेतो. बांधाला घोणस असते, खडकाळ उताराला फुरसं, आणि मण्यार तर रात्रीच हिंडते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. बहुतेक खेड्यांतली, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांतले. म्हणजे नेमके असे महिने की ज्यात आटे ओले होतात, खटक्यात पाणी जातं आणि स्वस्त टॉर्च टपली मागायला लागतो.

हे आकडे वाचल्यापासून मला या कामाकडे छंद म्हणून बघता येत नाही. शहरात दुसरा टॉर्च असतो, रस्त्यावर दिवे असतात, वरच्या मजल्यावर शेजारी असतात. रात्री दोन वाजता उसाच्या सरीत उभ्या असलेल्या माणसाकडे एकच टॉर्च असतो, आणि तो बहुधा तालुक्याच्या बाजारात घेतलेला, दोनशे रुपयांचा. महागडा घ्या असं त्याला सांगण्यात अर्थ नाही. जो हातात आहे तो दर वेळी, पहिल्या दाबाला लागला पाहिजे.

गेल्या पावसाळ्याआधी मामेभावाचा टॉर्च मी पुण्याला मागवून घेतला. खटका, रिंग, स्प्रिंगची तार, रबरी रिंग, सगळं नव्याने केलं आणि परत पाठवला. काही दिवसांनी त्याचा फोन आला.

“आक्का, लागतोय चांगला. पण ते लुकलुकणं काढून टाकता येईल का गं?”

“ते म्हणजे?”

“अगं, ओल्या हाताने जरा दाबला गेला की मंद होतो, अजून दाबला की लागतो लुकलुकायला. वाहतं पाणी दिसत नाही मग. पाय कुठं टाकतोय तेच कळत नाही.”

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. स्ट्रोब, म्हणजे हा लुकलुकता झोत, समोरच्याचे डोळे दिपवण्यासाठी ठेवलेला. दारं धरणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि स्वस्त टॉर्चमध्ये प्रत्येक अर्ध्या दाबाला पायरी बदलते, त्यामुळे तो नको तेव्हा हमखास समोर येतो.

म्हणून दुसरं सर्किट बनवलं, एकच पायरी असलेलं. त्यात ७१३५ या आकड्याने ओळखली जाणारी एक साधी चिप लागते. नखाच्या अर्ध्याएवढी, एलईडीकडे ३५० मिलिअँपिअर वीज नेमकी सोडणारी. दोन शेजारी जोडल्या की ७००. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या खऱ्या १८६५० सेलवर साडेतीन तास सारखा उजेड मिळतो. यात मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं. सेल उतरला की हा टॉर्च पटकन विझत नाही, हळूहळू मंद होत जातो आणि घरी परतायला वेळ देतो. पूर्ण उतरून सेल खराब होऊ नये म्हणून सेल संरक्षक सर्किटवाला घातला. खटकाही बदलला. आधीचा दाबून सोडल्यावरच लागणारा होता. आता नुसतं अर्धं दाबून धरलं तर तेवढ्यापुरता लागतो, पूर्ण दाबला की लागूनच राहतो. मूळ सिक्स-पीमध्ये असाच उजेड शेपूट दाबून मिळायचा, पोलिसांसाठी. तो दारं धरणाऱ्याच्या अंगठ्यालाही तितकाच सोयीचा आहे, मोटारीच्या पेटीत क्षणभर डोकवायला.

चिपा पितळी वाटीत बसवताना थर्मल पेस्ट नीट भरली आणि वाटी नळीत गच्च आवळली. एलईडीची उष्णता नळीत उतरली नाही तर तो निळसर पडून लवकर म्हातारा होतो. क्लिप उलटी फिरवून लावली, म्हणजे टॉर्च टोपीच्या पट्टीला खोचता येतो आणि फावड्याला दोन्ही हात मोकळे राहतात.

आता शेजारच्या शिवारातल्या दोघांना तसाच हवा आहे, आणि मामेभावाच्या मोटारीवरच्या गड्याला एक. चिपा येऊन पडल्या आहेत. नळ्या रविवारी जुन्या बाजारात बघायच्या, आटे न झिजलेल्या आणि मागची कडा चपटी न झालेल्या. खटक्याच्या टोप्या या वेळी रेडियमच्या घेणार आहे, म्हणजे चिखलात हातातून सुटला तरी अंधारात सापडेल.